आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. वऱ्हाडातील शिक्षणाकडे पाहिले म्हणजे ती उलटी करून म्हणावी लागते. आडात पाणी आहे, पण ते पोहऱ्यात येत नाही. १ मे १९८३ रोजी अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये आज त्याच्या कक्षेत आहेत. त्यांत शिक्षणशास्त्राची महाविद्यालये आहेत, मार्गदर्शक आहेत, शिक्षणावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थीही आहेत. आणि अचलपूर-परतवाडा सोडून मेळघाटचा घाट चढू लागले की याच विद्यापीठाच्या परिसरात अशा शाळा लागतात, जेथे पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाला गुरुजींची भाषा कळत नाही आणि गुरुजींना मुलाची. प्रबंध आणि ही शाळा यांची गाठ कधी पडावयाची, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे आणि विद्यापीठापुढे ठेवू इच्छितो.

धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत कोरकू ही हजारो घरांची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे सात लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. ही काही मराठीची बोली नव्हे. मुंडा कुळातील ही भाषा संथाळी आणि मुंडारीची बहीण आहे. मराठीत एकवचन आणि अनेकवचन एवढीच दोन वचने आहेत. कोरकूत संस्कृताप्रमाणे द्विवचनही आहे. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असा भेद आहे. कोरकूत मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. तेव्हा एखाद्या कोरकू मुलाने 'बैल आली' असे वाक्य लिहिले, तर ते त्याच्या मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. त्याने आपल्या घरचे व्याकरण इमानाने पाळलेले असते. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो त्या चुकीतून धडा तयार करील. ज्याला ठाऊक नाही तो तांबडी रेघ ओढून पुढे जाईल. अशा तांबड्या रेघांनी भरलेली वही घेऊन दोन-तीन वर्षे काढलेल्या मुलाने शाळेकडे पाठ फिरविली, तर दोष कोणाचा?

आम्ही शिक्षकांस दोष देत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांनी पाच इयत्ता सांभाळावयाच्या, आणि शिवाय पोषण आहाराचे हिशेब, नाना नोंदवह्या, निवडणूक आणि जनगणनेची कामे करावयाची. कोरकूचे व्याकरण त्यांना शिकविले कोणी? ते ज्यांनी शिकवावयाचे, त्या ज्ञानाचे मठ डोंगराखाली आहेत.

ही फारकत आजची नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात तिच्यावर नेमके बोट ठेवले होते. शिक्षक तयार करणाऱ्या संस्था विद्यापीठीय ज्ञानजीवनापासून तुटल्या आहेत, शाळांपासून तुटल्या आहेत आणि परस्परांपासूनही तुटल्या आहेत, असे त्या आयोगाचे निदान होते; आणि त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. निदानाला सहा दशके होत आली, तरी दुखणे कायम आहे. बी. एड. विद्यापीठाकडे, पण ते माध्यमिक शाळेसाठी. प्राथमिक शिक्षकाची पदविका विद्यापीठाच्या कक्षेबाहेर, आणि त्याचे सेवांतर्गत प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे. परिणामी पहिलीच्या वर्गाचा प्रश्न हा विद्यापीठाच्या दृष्टीने परक्याच्या अंगणातला ठरतो. संशोधकाला त्या अंगणात जावेसे वाटलेच, तर तो प्रश्नावली घेऊन जातो, ती भरून घेतो आणि परततो. प्रबंध मान्य होतो, पदवी मिळते, प्रबंधाची प्रत 'शोधगंगा'वर चढते. ज्याने प्रश्नावली भरून दिली त्या शिक्षकाच्या हाती मात्र काहीच पडत नाही.

याहून वेगळे काही घडू शकते काय? घडू शकते, आणि त्याचे उदाहरण फार दूर शोधावयास नको. सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली दोन स्वयंसेवी संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक प्रयोग सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्या खेड्यांतील शिक्षकांबरोबर जमिनीवर बसले. शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वर्गात काय फसले ते तेथे मोकळेपणाने सांगितले जाई, आणि त्या अनुभवावरून पुस्तकातील धडे बदलले जात. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून होई. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि पुढे इतर जिल्ह्यांतही पसरला. २००२ साली मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला, हेही सांगितलेच पाहिजे. कारण असे काम शासनाच्या एका सहीने थांबू शकते, हा त्यातील दुसरा धडा आहे. परंतु विद्यापीठातील विद्वान आणि खेड्यातील मास्तर तीस वर्षे एका सतरंजीवर बसू शकतात, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. जपानात तर शिक्षकांनी एकत्र बसून एक पाठ रचावा, एकाने तो शिकवावा, इतरांनी मागे बसून मुलांकडे पाहावे आणि मग तो पाठ दुरुस्त करावा, ही पद्धत मेइजी काळापासून रुजलेली आहे. तिला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि आपला पाठ दुसऱ्यासमोर फसू देण्याचे धैर्य.

आमची सूचना साधी आहे. दोन वर्षांच्या बी. एड. अभ्यासक्रमात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक आहे. त्यातील काही आठवडे विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांसह अचलपूर, चिखलदरा आणि धारणी येथील आश्रमशाळांत व माध्यमिक शाळांत काढावेत. प्राध्यापकांनी केवळ निरीक्षण न करता स्वतः वर्ग घ्यावा. प्राथमिक शाळांसाठी जिल्हा प्रशिक्षण संस्थेशी विद्यापीठाने करार करावा, आणि केंद्राकेंद्रांत ज्या शिक्षण परिषदा भरतात त्यांत परिपत्रकांचे वाचन कमी करून पाठांची चर्चा वाढवावी. गावातील शिकलेल्या कोरकू तरुण-तरुणींस मानधन देऊन पहिली-दुसरीच्या वर्गात सहशिक्षक म्हणून उभे करावे. ज्या शिक्षकाच्या वर्गात संशोधन होईल त्याचे नाव त्या संशोधनावर सहलेखक म्हणून छापले जावे, आणि निष्कर्ष त्याच्या शाळेत जाऊन सांगितल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जाऊ नये. या सर्वांचे ठाणे अचलपुरास असावे. मैदान आणि डोंगर यांच्या उंबरठ्यावरचे याहून सोयीचे गाव दुसरे नाही.

यावर आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. विद्यापीठांत जागा रिक्त आहेत, आणि बढतीच्या हिशेबात शोधनिबंध मोजले जातात, वर्गात घालविलेले दिवस मोजले जात नाहीत, असे प्राध्यापक म्हणतील. तक्रार खरी आहे. म्हणूनच तो हिशेब बदलण्याची मागणी त्यांनीच प्रथम केली पाहिजे. कोरकू पालकांनाही मुलांनी मराठी आणि इंग्रजीच शिकावयास हवी असते, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाईल. पालकांची इच्छा रास्तच आहे. परंतु पलीकडच्या तीराला जावयाचे म्हणून पूल अलीकडच्या तीरावरून बांधू नये, असे कोणी म्हणत नाही. कोरकूतून मराठीकडे नेणारा शिक्षक मराठीचे नुकसान करीत नाही. तो मराठीला एक नवा वाचक मिळवून देतो.

या भूमीला हे नवे नाही. इसवी सन ९८८ मध्ये हरिषेणाने याच अचलपुरात 'धम्मपरिक्खा' रचली, ती संस्कृतात नव्हे, लोकांना कळणाऱ्या अपभ्रंशात. रिद्धपूर येथून जवळच आहे. चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना म्हाइंभटांनी हिंडून गाठले, आठवणी पारखून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. आधी माणसाकडे जावे आणि मग लेखणी उचलावी, हा संशोधनाचा धडा त्यांनी सात शतकांपूर्वी दिला. त्याच रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात दर्जा देण्याचा निर्णय झाला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण अभिजात भाषेच्या विद्यापीठाने शेजारच्या डोंगरातील कोरकू मुलासाठी मराठीचे पहिले पुस्तक तयार केले, तर तो अभिमान अधिक शोभून दिसेल.

अमरावतीचे विद्यापीठ आज संत गाडगेबाबांचे नाव धारण करते. बाबा गावात आले की आधी हातातील खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात प्रश्न ते विचारीत आणि उत्तर गावकऱ्यांकडून वदवून घेत. एकत्र शिकण्याची याहून सरळ रीत आम्हांस ठाऊक नाही. विद्यापीठाने नाव घेतलेच आहे. आता एवढी रीतही घ्यावी. आडात पाणी आहे. दोर धरावयास दोन्ही बाजूंनी हात मात्र लागले पाहिजेत.