घाटावरचा गोमंतक

दिवाळी आटोपली की आमच्याकडे सहलींचा हंगाम सुरू होतो. पणजी, म्हापसा, फोंडा आणि मडगाव येथील प्रवासी कचेऱ्यांवर फलक लागतात, शाळांतून पालकांच्या संमतीचे कागद घरोघर जातात. ‘हंपी-बदामी, दोन दिवस दोन रात्री, मार्गदर्शकासह’ हा या फलकांचा ठरीव मथळा. शुक्रवारी रात्री जेवणखाण उरकून बसमध्ये बसावयाचे, पहाटे होस्पेटला डोळे चोळीत उतरावयाचे, तोंड धुऊन हंपी पाहावयाची, रविवारी बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे या तीन ठिकाणांवरून धावत जावयाचे आणि पुन्हा रात्रभर बसचे हिसके खाऊन सोमवारी कचेरीच्या वेळेस घर गाठावयाचे, असा हा कार्यक्रम.

अशा सहलींना नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. चार दिवसांची रजा, स्वतःची मोटार आणि चांगल्या हॉटेलचा खर्च ज्यांना परवडतो, त्यांनी कारकून, शिक्षक आणि लहान दुकानदार यांच्या धावत्या सहलीला हसणे शोभत नाही. मुलांना विरूपाक्षाचे गोपूर आणि बदामीची लेणी एकदा तरी दाखवावी, एवढ्या इच्छेने वर्षभर पैसे बाजूला टाकणारी कुटुंबे आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांच्या पैशाचे आणि जागरणाचे पुरेसे मोल त्यांना मिळते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

कारण असे की, या सहलीत सर्वांत मोलाचा जो भाग, तो प्रवासी झोपेत ओलांडतात. आमच्या किनाऱ्यावरून घाट चढून हुबळीकडे जाणारा कोणताही रस्ता घ्या, तो गोव्याच्याच इतिहासावरून जातो. खानापूर तालुक्यातील हळशी ही प्राचीन कदंबांची पलाशिका. पुढे गोव्याच्या कदंबांनी तिला आपल्या राज्याचे घाटावरचे ठाणे केले. तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. बेळगाव-धारवाड हमरस्त्यापासून थोडी वाकडी वाट केली तर कित्तूरजवळ देगाव लागते. तेथे कमलनारायणाचे मंदिर आहे. ते बांधविले कोणी? गोव्याच्या शिवचित्त पेर्माडी कदंबाची राणी कमलादेवी हिने, बाराव्या शतकात. एका ओळीत तीन गाभारे आणि पुढे नक्षीदार खांबांचा दीर्घ मंडप, असे हे देवालय आज शेतवस्तीच्या शेजारी उभे आहे. धारवाडच्या वेशीवर नरेंद्र नावाचे गाव आहे. तेथील बाराव्या शतकातील शिलालेख गोव्याच्या कदंबांची वंशावळ देतो आणि त्यांच्या नौकांचे, समुद्रावरील पराक्रमाचे वर्णन करतो. समुद्रापासून इतक्या दूर, ज्वारी-कापसाच्या काळ्या जमिनीत आमच्या गलबतांची कीर्ती दगडावर कोरलेली आहे! सहलीची बस या गावाजवळून जाते, तेव्हा आतील दिवे मालवलेले असतात.

ज्या कदंबांचे नाव आम्ही १९८० साली स्थापन झालेल्या आमच्या परिवहन महामंडळाला दिले, त्यांचे बांधकाम पाहावयास गोव्यात कितीसे उरले आहे? धारबांदोडा तालुक्याच्या रानात तांबडी सुर्ल येथे महादेवाचे एक देऊळ जवळजवळ अभंग राहिले. त्याचा दगडही आमच्या जांभ्याचा नव्हे. बाकी सारे सोळाव्या शतकात गेले. तिसवाडी, बारदेश, साष्टी येथील देवळे पाडली गेली आणि देव रातोरात खाड्या ओलांडून अंत्रूज, डिचोली, पेडणे या भागांत नेले गेले. आज आम्ही ज्यांच्या जत्रांना जातो ती मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांची मंदिरे त्यानंतरच्या काळातील असून त्यांची घडणही निराळी आहे. कदंब ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आपल्या बिरुदांत अभिमानाने करीत, त्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान एकदा नव्हे, दोनदा उद्ध्वस्त झाले. नार्वे येथील त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला, तेव्हा त्याला पुन्हा छत्र लाभले. तेव्हा आमच्या पूर्वजांची देवळे पाडापाडीपूर्वी कशी होती, त्यांचे खांब कसे घडविले जात, दाराच्या चौकटीवर काय कोरीत, हे ज्या गोमंतकीयास डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्याला घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही. पाठ्यपुस्तकातील जे पान आमच्याकडे फाटले आहे, त्याची प्रत तेथे शिल्लक आहे.

आणि घाटावरच्या माणसास ‘घाटी’ म्हणून हिणवण्याची सवय आमच्यापैकी कित्येकांना अजून आहे! जयकेशी दुसरा याची राणी मैलळदेवी ही कल्याणीच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची कन्या. गोव्याच्या राजघराण्याने जेथून सून आणली, त्या मुलखाविषयी ही भाषा.

आता मार्गदर्शकांविषयी. जाहिरातीत ‘मार्गदर्शकासह’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो; पण पुष्कळदा बसचा व्यवस्थापक, म्हणजे चहा-नाश्त्याचे हिशेब पाहणारा गृहस्थ, हाच मार्गदर्शक असतो. स्थळावर सरकारमान्य जाणकार वाटाड्ये मिळतात, त्यांतील काही तर उत्तम असतात. परंतु त्यांची बोली कन्नड, हिंदी वा इंग्रजी, आणि वेळ पाऊण तासाची. मग गाठोड्यातल्या चार गोष्टी निघतात. ऐहोळेच्या दुर्ग मंदिराला दुर्गादेवीचे देऊळ म्हणून हात जोडावयास लावतात. वास्तविक तेथला ‘दुर्ग’ म्हणजे किल्ला. लाडखान मंदिराचे नाव ऐकून मुले बुचकळ्यात पडतात. लाडखान हा तेथे पुढच्या काळात राहिलेला एक गृहस्थ होता, एवढे त्यांना कोणी सांगत नाही. हंपीचा कमलमहाल, राणीचे स्नानगृह ही नावे मागाहून पडलेली आहेत, पण ती ताम्रपटात लिहिल्याप्रमाणे ऐकविली जातात. पन्नासाच्या नोटेवर ज्याचे चित्र आहे तो विठ्ठल मंदिरातील दगडी रथ म्हणजे गरुडाचे देऊळ होय, आणि त्याच्यावर पूर्वी विटांचे शिखर होते, हेही बहुतेकांस कळत नाही. रथाला टेकून छायाचित्र काढले की सारे पुढे निघतात.

याउलट जे सांगावयाचे ते राहून जाते. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर रविकीर्तीचा इसवी सन ६३४-३५ चा शिलालेख आहे. मराठी भाषिकाने आयुष्यात एकदा तरी त्याच्यासमोर उभे राहावे अशी आमची शिफारस आहे. दुसऱ्या पुलकेशीने तीन महाराष्ट्रकांचे आणि त्यांतील नव्याण्णव हजार गावांचे आधिपत्य मिळविले, असे तो सांगतो. महाराष्ट्राच्या नावाचा इतका जुना उल्लेख आजच्या महाराष्ट्राबाहेर, कानडी मुलखात, संस्कृतात, एका जैन मंदिराच्या भिंतीवर आहे! त्याच लेखात मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचे वर्णन आहे. हे रेवतीद्वीप म्हणजे गोव्याच्या उत्तर सीमेलगतचे रेडी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पेडण्याहून तासाभरात पोहोचता येईल अशा आमच्या शेजारच्या बंदराची हकिगत वाचावयास बदामीच्या पलीकडे जावे लागते. टेकडीच्या पायऱ्या चढावयास वेळ नसल्याने सहली बहुधा खालूनच परततात. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरील विजयाचे स्मारक म्हणून राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात उभारले. देगावच्या कमलादेवीची आठवण येथे करून देणारा कोणी असता, तर सहलीतील स्त्रियांनी ती गोष्ट जन्मभर ध्यानात ठेवली असती.

हंपीचे तर काय सांगावे! हंपी आणि जुने गोवे या दोहोंना जागतिक वारशाच्या यादीत १९८६ या एकाच वर्षी स्थान मिळाले, पट्टदकलला पुढील वर्षी. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने गोवा बहामनींकडून घेतला आणि सप्तकोटेश्वराची पुनःस्थापना केली. पुढे गोव्याच्या बंदरात उतरलेले अरबी घोडे विजयनगरास जात. १५२० च्या सुमारास दोमिंगु पाइश हा पोर्तुगीज तेथे गेला आणि त्याने त्या नगराची विशालता रोमशी ताडून पाहिली. १५६५ साली ते नगर उजाड झाले. या पतनाची गोष्ट सांगताना मार्गदर्शकांचा आवाज चढतो, हे स्वाभाविक आहे. पण ज्या कमलमहालासमोर उभे राहून ती सांगितली जाते, त्याच्या कमानी दख्खनी सुलतानांच्या बांधकाम-परंपरेतल्या आहेत, हेही दोन शब्दांत सांगण्यास हरकत नसावी. विजापूरलाही याच न्यायाने जावे. पणजीचे जुने सचिवालय अजून आदिलशहाचा राजवाडा म्हणूनच ओळखले जाते, आणि अल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा घेतला तो विजापूरकरांकडून.

ज्ञानाची गोष्ट बाजूस ठेवली तरी जिवाची राहतेच. १ जुलै २०२३ च्या उत्तररात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून पंचवीस प्रवासी गेले. सारे झोपेत होते. आमच्या वाटेवर तर घाट आहेत, वळणे आहेत, मँगनीज-लोखंडाचे आणि लाकडाचे ट्रक आहेत. शुक्रवारी रात्रभर गाडी हाकणारा चालक शनिवारी दुपारी बसखाली सतरंजी टाकून दोन तास पडतो आणि रविवारी रात्री पुन्हा चक्र हाती घेतो. अशा गाडीत चाळीस-पन्नास शाळकरी मुले बसवितांना मुख्याध्यापकांच्या मनात काय येत असेल? रात्रीचा प्रवास केल्याने लॉजचे भाडे वाचते, हे त्याचे खरे कारण आहे. ते उघड बोलले जात नाही इतकेच.

यावर आमची सूचना साधी आहे. रात्र रस्त्यावर न काढता हुबळीत काढावी. गोव्याहून हुबळी साधारण पाच तासांच्या अंतरावर आहे. शुक्रवारी दुपारी चारला निघालेली बस नऊ-साडेनऊला तेथे पोहोचते. शाळांना अर्धा दिवस सुट्टी देणे अवघड नाही, कचेरीतल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी. हुबळीत साध्या लॉजपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सोय आहे. सकाळी लवकर उठून दाजीबानपेठेत जावे. आमच्या माणसांना ही पेठ ठाऊक असते ती कापडाच्या आणि दागिन्यांच्या खरेदीपुरती. तिथे सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे तुळजाभवानीचे देऊळ आहे. दुकानांच्या फळ्या उघडण्यापूर्वी तेथे दर्शन घ्यावे, कन्नड, मराठी आणि त्या समाजाची घरची बोली एकाच रस्त्यावर कानी पडते ती मुलांना ऐकवावी. भाषांच्या सीमा वर्तमानपत्री नकाशावर असतात तशा पेठेत नसतात. ज्या धारवाडात मातृभाषा मराठी असलेले बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, ते येथून वीस किलोमीटरवर आहे. (सीमाप्रश्नाविषयी आमचे मत सर्वज्ञात आहे, आणि सहलीच्या बसमध्ये त्याचे काही काम नाही.)

तेथून उणकल येथील चंद्रमौळेश्वराचे चारही दिशांना दारे असलेले मंदिर अर्ध्या तासात पाहून होते. नंतर दिवसाच्या उजेडात गदगकडे निघावे. गदगच्या पुढे वाटेवर लक्कुंडी लागते. अत्तिमब्बेने अकराव्या शतकाच्या प्रारंभी बांधविलेली जिनालयाची वास्तू आणि काशीविश्वेश्वराचे देऊळ तेथे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर उभी आहेत. रात्रीच्या बसमधील एकाही प्रवाशाला ती दिसत नाहीत. दुपारी होस्पेट, संध्याकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी हंपी, आणि रविवारी दुपारी परतीचा प्रवास. रात्री दहापर्यंत माणूस आपल्या अंथरुणात झोपतो. या कार्यक्रमात बदामी-ऐहोळे बसत नाही, हा आक्षेप येईल. बसू नये. ते दुसऱ्या हंगामासाठी ठेवावे आणि तेव्हा जाताना देगाव पाहावे. दोन दिवसांत चार राजधान्या पाहिल्याचा दाखला कोणाला द्यावयाचा आहे? ज्यांना बसच नको त्यांच्यासाठी वास्कोहून सुटणारी अमरावती एक्सप्रेस दूधसागरावरून हुबळी, गदग, होस्पेट या वाटेने जाते. खिडकीजवळ बसलेल्या मुलास घाट आणि पठार यांतील फरक शिकवावा लागत नाही.

खर्च वाढेल, हे खरे. एका रात्रीच्या लॉजचा. तो पालकांवर पडू नये म्हणून शाळांच्या बाबतीत सरकारने हात सैल करावा. गोवा पर्यटन विकास महामंडळ बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांस गोवा दाखविण्यात गुंतलेले असते. गोमंतकीयांना घाटावरचा गोमंतक दाखविण्यासाठी त्याने हंगामात चार सहली काढल्या, तर खासगी व्यावसायिकांस धडा मिळेल. पुराभिलेख आणि पुरातत्त्व खात्यांनी हळशी, देगाव, नरेंद्र, लक्कुंडी या स्थळांची मराठीत आणि कोकणीत सोळा पानांची एक पुस्तिका छापावी, आणि इतिहासाच्या पदवीधरांतून दहा-वीस तरुणांना शिकवून तयार करावे. असा एक तरुण बरोबर असला तर प्रवाशांना विठ्ठलाच्या रथासमोर काय पाहावयाचे ते कळेल, आणि त्या तरुणाच्याही पोटापाण्याची थोडी सोय होईल.

डिसेंबरमधील सहलींचे अर्ज येत्या पंधरवड्यात शाळांतून भरले जातील. शुक्रवारची रात्र कोठे काढणार, हा रकाना त्यांत आहे किंवा नाही, हे पालकांनी सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे.