दर्याच्या पदरात

श्रावणातली पौर्णिमा आली की कोळीवाड्यांतून सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्याकडे निघतो, खवळलेल्या दर्याला शांत होण्याची विनवणी होते आणि नव्या हंगामाचा श्रीगणेशा होतो. मासेमारीवरची सरकारी बंदी १ ऑगस्टलाच उठत असली, तरी मनाला मुभा मिळते ती याच दिवशी. वर्षभर ज्याच्याकडून घेतले त्याच्या पदरात आज काहीतरी घालायचे, ही आपली रीत. मग गेल्या शतकात माणसाने त्या पदरात आणखी काय काय टाकले, याची आठवण आजच काढलेली बरी.

१९४६ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे अमेरिकेने किरणोत्सारी कचरा समुद्रात सोडला आणि पुढे १९९३ पर्यंत डझनभराहून अधिक देशांनी तोच कित्ता गिरवला. त्यातला बराचसा कचरा पिंपांत भरून बुडवलेला. नजरेआड झाले की संपले, एवढाच त्यामागचा विचार. चार्ल्स हॉलिस्टर या अमेरिकी सागरवैज्ञानिकाने १९७०च्या दशकात मांडलेली कल्पना मात्र वेगळ्या तोलाची होती. कचरा समुद्रात टाकायचा नाही, तर महासागराच्या तळाखाली पुरायचा. जिथे कोट्यवधी वर्षे चिकणमाती कणाकणाने निवांत साचत आली आहे, तिथे टोकदार नळकांडी वरून सोडायची, ती स्वतःच्या वजनाने खोल रुतायची आणि वरची माती मिटून जायची. ही माती किरणोत्सारी द्रव्यांना घट्ट धरून ठेवते. अनेक देशांच्या वैज्ञानिकांनी त्यावर दशकभर काम केले. मग १९८७ मध्ये अमेरिकेने कचरा जमिनीतच पुरण्यासाठी नेवाडातल्या युक्का डोंगराकडे मोहरा वळवला आणि हे काम मागे पडले.

कल्पना वेडगळ नव्हती, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. या कचऱ्यातले प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यासच सुमारे २४,००० वर्षे लागतात. इतका काळ कोणते राज्य टिकले आहे? तरीही मन कचरते, कारण तो खोल तळ कोणा एकाच्या मालकीचा नाही आणि उद्या काही बिनसले तर उत्तर द्यायला कोणाचेच दार ठोठावता येणार नाही. स्वीडनने फोर्समार्क येथे १९८८ पासून अल्पजीवी कचरा बाल्टिक समुद्राच्या तळाखाली सुमारे साठ मीटरवरच्या खडकात ठेवला आहे, पण तिथे जाणारा बोगदा निघतो तो आपल्याच किनाऱ्यावरून. समुद्रात कचरा टाकण्याला आळा घालणाऱ्या १९९६च्या लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारानेही नेमका हाच भेद केला: जहाजावरून तळाखाली पुरण्यास मनाई, जमिनीवरून खोदून गेल्यास नाही.

आपल्याकडे तारापूरची वीज १९६९ पासून घरोघर पोचली. तिच्या मागे उरलेला जहाल अंश काचेत गोठवून तिथेच, पालघरच्या किनाऱ्यावर, पहाऱ्यात ठेवला जातो. त्याची अखेरची जागा अजून ठरायची आहे. जगाच्या पातळीवर, समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यावरची संपूर्ण बंदी २० फेब्रुवारी १९९४ पासून लागू आहे, आणि जहाल कचरा वगळता बाकीच्याबाबत दर २५ वर्षांनी शास्त्रीय आढावा घ्यायचा, असे तिच्यातच लिहून ठेवले आहे. पहिल्या आढाव्याची मुदत २०१९ मध्ये उलटली. पुढची २०४४ मध्ये येईल आणि तेव्हा त्या बैठकीत आज शाळेत जाणारी आपली मुले बसलेली असतील.