इनामाला नाव कोणाचे?

घरात मूल जन्मले की नावावरून किती खल होतो, हे वाचक भगिनी-बंधूंना सांगायला नको. नानीला एक नाव आवडते, फुफूला दुसरे, आणि अर्थ विचारण्यासाठी कोणीतरी उर्दूच्या मास्तरांना, म्हणजे आम्हाला, फोन लावते. इनामाचे नाव ठेवताना मात्र एवढा विचार होत नाही. आदर्श, भूषण, रत्न यांपैकी एक शब्द उचलायचा, ढाल बनवून घ्यायची, झाले. ज्याला ती मिळते त्यालाही पुष्कळदा कळत नाही की आपले नेमके कोणते काम लोकांना आवडले.

या बाबतीत संगणकाच्या दुनियेतल्या काही मंडळींकडून शिकण्यासारखे आहे. ही मंडळी ओपन सोर्सवाली, मुक्त सॉफ्टवेअरवाली. त्यांच्याकडे प्रोग्रामची मूळ लिहिलेली प्रत सर्वांसाठी खुली असते. कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन ज्या लिनक्सच्या पायावर चालतो, तेही असेच खुले आहे. यातल्या काहींना कंपन्या पगार देतात, पण पुष्कळजण नोकरी, अभ्यास, घर सांभाळून फुकट राबतात. आणि सगळेच प्रोग्राम लिहीत नाहीत. कोणी भाषांतर करतो, कोणी वापरायची माहिती लिहून ठेवतो, कोणी चुका शोधून कळवतो. कोणी नुसता बसून नवशिक्यांच्या त्याच त्याच प्रश्नांना उत्तरे देतो. हा शेवटचा माणूस सर्वांत कमी दिसतो. शिक्षक असल्यामुळे आम्हाला त्याच्याविषयी अंमळ जास्तच आपुलकी आहे.

अशा माणसाला इनाम द्यायचे तर त्याचे नाव 'सर्वोत्तम प्रोग्रामर' ठेवून कसे चालेल? नावानेच त्याला दाराबाहेर उभे केले.

आपली मुले रात्रंदिवस ज्यात डोके घालून बसतात ते इन्स्टाग्राम 'जँगो' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे राहिले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत ते जन्मले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर त्याने नाव कमावले. नावाची निवड करण्यात ही मंडळी पहिल्यापासूनच दर्दी, असे म्हणायला हरकत नाही.

या जँगोच्या मुख्य कारागिरांत मॅल्कम ट्रेडिनिक नावाचे एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ होते. काम तर उत्तम करायचेच, पण लोक त्यांना ओळखायचे ते नवख्या माणसाला धीराने समजावून सांगण्यासाठी. मार्च २०१३ मध्ये ते वारले. त्याच वर्षी जँगोच्या संस्थेने त्यांच्या नावाने वार्षिक इनाम सुरू केले, आणि ते कोणाला द्यायचे याची अटही त्यांच्या स्वभावातूनच काढली: जो नव्यांचे स्वागत करतो, त्यांना आधार देतो, मोकळ्या मनाने मदत करतो, त्याला. म्हणजे नाव आणि अट एकच झाली. इनामाची रक्कम ५०० डॉलर. मिळालेल्या माणसाने ती अशा एखाद्या मेळाव्याच्या प्रवासासाठी वापरावी, अशी अपेक्षा, सक्ती नाही.

'ड्रुपल' हे असेच दुसरे मुक्त सॉफ्टवेअर. त्यात काम करणारे आरॉन विनबॉर्न यांना एएलएस हा शरीराचे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार जडला. बरोबरच्या लोकांनी त्यांच्यासाठी पैसे जमवले. मार्च २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाचे इनाम दरवर्षी दिले जाते ते सचोटी, दयाळूपणा आणि कामावरची निष्ठा पाहून. दयाळूपणासाठी इनाम! आमच्या शाळेत कधी दिलेले आठवत नाही.

आपल्या देशातही उदाहरण आहे. पायथन ही संगणकाची भाषा आता शाळांमध्येही शिकवतात. भारतातल्या पायथनवाल्यांची संस्था उभी करणारे केनेथ गोन्साल्विस हे उटीचे राहणारे. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षापासून 'पायकॉन इंडिया' या वार्षिक मेळाव्यात त्यांच्या नावाने इनाम दिले जाऊ लागले. आमच्या मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनाही ते मिळाले आहे.

व्यक्तीचे नाव द्यायलाच हवे असे मात्र नाही. पर्ल या भाषेवरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या मुखपृष्ठावर उंट आहे, म्हणून उंट हीच तिची खूण झाली. तिच्या मंडळींनी १९९९ मध्ये 'पांढरा उंट' हे इनाम काढले, तेही प्रोग्राम लिहिण्यासाठी नव्हे, बाकीच्या खिदमतीसाठी. नाव गोड आहे, लक्षात राहते. पण बाहेरच्याला त्यावरून काही कळत नाही, आणि कसे वागले की हे मिळते तेही नाव सांगत नाही. ट्रेडिनिक यांचे नाव सांगते.

हे सगळे आज लिहायचे कारण आमचा एक जुना विद्यार्थी. तो आणि त्याचे मित्र सुटीच्या दिवशी मुक्त सॉफ्टवेअर मराठी-उर्दूत आणतात. त्यांनाही वर्षाला एक इनाम द्यायचे आहे आणि नावावरून गटात दोन तट पडलेत. काहींना अल्-ख्वारिज्मी हवा. नवव्या शतकातला बगदादचा हा गणिती. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला, हे आपल्या मुलांना अभिमानाने सांगण्याजोगे आहे. बाकीच्यांच्या मनात एक निवृत्त शिक्षिका आहेत. पहिल्यापासून या गटाचे शुद्धलेखन त्या तपासायच्या, चुकलेल्या मुलाला कधी तोडून बोलल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या. कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांना हे नाव माहीत नसणार, अशी पहिल्या तटाची तक्रार.

आमचे मत बाईंच्या बाजूने. अल्-ख्वारिज्मीचे नाव जगाच्या तोंडी आहे, त्याला या ढालीची गरज नाही. आणि त्याच्या नावाचे इनाम साहजिकच सर्वांत हुशार मुलाकडे जाईल. शुद्धलेखन तपासणारा पुन्हा कोपऱ्यातच. पाहुण्यांना नाव माहीत नसेल, तर दरवर्षी इनाम देण्याआधी बाईंवर पाच ओळी वाचाव्यात. त्या पाच ओळी आत्ताच लिहून ठेवायला हव्यात, त्यांना ओळखणारे गटात आहेत तोवर. आणि नाव जाहीर करण्यापूर्वी बाईंच्या मुलांना जाऊन भेटावे, नुसता फोन करू नये.