पूर्वपक्ष वाचल्याविना सिद्धान्त नाही

व्यासपौर्णिमेनिमित्त घोडबंदरास आमची कीर्तनसेवा झाली. पूर्वरंगास ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्याचा विषय होता. कीर्तन आटोपल्यावर एका सद्गृहस्थांनी विचारले, “बुवा, निरूपणात आपण एका पाद्र्याचे नाव आदराने घेतलेत, ते कसे?”

प्रश्नातील रोष अकारण नव्हता. तेथला किल्ला पोर्तुगीजांचा. मराठ्यांनी तो १७३७ साली घेतला. त्या राजवटीतील धर्मच्छळाची आठवण या किनाऱ्याने टाकून द्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आठवण जपणे निराळे आणि ज्ञानाकडे पाठ फिरवणे निराळे.

ते नाव रिचर्ड डी स्मेट यांचे. हे बेल्जियमचे येशूसंघीय पंडित. ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जे विद्यालय १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आले आणि पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले, तेथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९५३ साली रोम येथे सिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी प्रतिपादिले की, आचार्य केवळ तर्कपटू तत्त्वज्ञ नव्हेत. त्यांचे मुख्य प्रमाण श्रुती, तर्क तिचा अनुचर, आणि महावाक्यांचा अर्थ लक्षणेने उलगडतो. आचार्यांना निव्वळ बुद्धिवादी ठरवण्याची हौस आपल्यातील सुशिक्षितांना असताना, परंपरेचे हे म्हणणे एका परधर्मीयाने मूळ भाष्य वाचून मांडले! १९९७ साली ते निवर्तले. पुढे २००० साली त्यांच्या स्मरणार्थ अद्वैतावरील निबंधांचा ग्रंथ निघाला आणि २०१० साली त्यांचे लेख ‘ब्रह्म आणि व्यक्ती’ या अर्थाच्या नावाने ग्रंथरूप झाले.

त्यांचे सर्वच आम्हांस मान्य आहे असे नव्हे. निर्गुण ब्रह्मास पाश्चात्त्य अर्थाने ‘व्यक्ती’ म्हणता येते, हे त्यांचे मत आम्हांस पटत नाही. परंतु ते खोडण्याचा अधिकार त्यांच्याइतके भाष्य वाचणाऱ्यासच आहे. आपल्या आचार्यांची रीतच ती: आधी पूर्वपक्ष यथास्थित मांडावा, मग सिद्धान्त सांगावा. त्यांनी आमचे ग्रंथ वाचले. त्यांचे ग्रंथ आमच्या किती पाठशाळांत उघडले जातात?

हे बोलताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. आमच्याही घरी भाष्याची पोथी कैक वर्षे पौर्णिमेस सुटे, फूल घेई आणि पुन्हा रुमालात बांधली जाई. वाचकहो, यंदा पूजेनंतर ती बांधू नका. रोज एक पान वाचा. व्यासांची पूजा त्या पानानेच पुरी होईल.