समजून घ्या : कार्यालयातील ई-मेलला चाळण का हवी? सोलापूरच्या उद्योगांसमोर कोणते नियम?

व्हायरस अडवला म्हणजे ई-मेल सुरक्षित झाला, हा समज महागात पडू शकतो. कोणता मेल अडवायचा, अडवलेला मेल कोणी पाहायचा आणि कर्मचाऱ्यांना काय सांगायचे, हे लेखी ठरवणे आता उद्योगांना टाळता येणार नाही.

विषय आताच का?

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन आहे. टॉवेलची परदेशातही निर्यात होते. अशा व्यवहारात दर, नमुन्याची मंजुरी, इन्व्हॉइस आणि बँक खात्याचा तपशील ई-मेलवरूनच जातो. त्याच मेलबॉक्समध्ये कामगारांचे आधार, पॅन आणि पगारपत्रकही पडून असते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आधीपासूनच लागू आहेत. फिशिंगसारख्या सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे त्यात बंधनकारक आहे.

फिल्टर नेमके काय करतो?

फिल्टर मेलची तपासणी तीन टप्प्यांत करतो. पहिला प्रश्न, मेल खरेच त्या पत्त्यावरून आला का? त्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी कंपनीच्या डोमेनवर कराव्या लागतात. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून त्या सक्तीच्या केल्या आहेत. दुसरा प्रश्न, मेलमधील लिंक किंवा अटॅचमेंट घातक आहे का? आणि तिसरा, बाहेर जाणाऱ्या मेलमधून आधार क्रमांक, पगारपत्रक किंवा ग्राहकांची यादी तर जात नाही ना?

मग फसवणूक होते कशी?

समजा, अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल निर्यातदाराच्या परदेशी ग्राहकाला मेल जातो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरा.’ या मेलमध्ये ना व्हायरस असतो, ना लिंक. पत्त्यात फक्त इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी बसवलेली असतात. घाईत वाचणाऱ्याला ती ‘एम’सारखीच दिसतात. माल रवाना होतो, पैसे भलत्याच खात्यात जातात. अमेरिकेच्या ‘एफबीआय’कडे २०२३ मध्ये या प्रकारच्या फसवणुकीत सुमारे २.९ अब्ज डॉलरच्या नुकसानीच्या तक्रारी आल्या.

कधी कधी चोरटा खऱ्या मेलबॉक्समध्येच शिरतो आणि तेथे स्वतःचा ‘रूल’ लावतो. ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल गुपचूप बाहेर फॉरवर्ड होतो आणि मूळ मालकाला तो दिसतही नाही. म्हणून बाहेरच्या पत्त्यावर होणारे स्वयंचलित फॉरवर्डिंग बंद ठेवणे हा धोरणाचा पहिला नियम असायला हवा. बँक खाते बदलल्याचा मेल आल्यास, जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, हा दुसरा. मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करून उपयोग नाही, तो चोरट्याचाही असू शकतो. निर्यातदाराने हाच नियम आपल्या ग्राहकालाही आधीच कळवून ठेवावा.

फिल्टर जास्त कडक केला तर?

त्याचाही फटका बसतो. जीएसटी कायद्याच्या कलम १६९ नुसार नोंदणीकृत ई-मेलवर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावणी मानली जाते. ती स्पॅममध्ये अडकली आणि उत्तराची मुदत उलटली, तर ‘मेल दिसलाच नाही’ ही सबब फारशी टिकणार नाही. म्हणून संशयास्पद मेल परस्पर नष्ट न करता ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवावा आणि ठरलेल्या व्यक्तीने तो रोज तपासावा.

कर्मचाऱ्यांच्या खासगीपणाचे काय?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. नवा कायदा नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्यास मुभा देतो. पण ही मुभा म्हणजे प्रत्येकाचा मेल वाचण्याचा परवाना नव्हे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१७ मध्येच रोमानियातील एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या संदेशांवर किती आणि कशी नजर ठेवली जाणार, याची पूर्वकल्पना त्याला देण्यात आली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, मात्र धोरण लिहिणाऱ्यांना त्यातून दिशा मिळते.

एक उदाहरण पाहा. ‘तक्रार’ शब्द असलेल्या प्रत्येक मेलची प्रत मालकाला जावी, असा नियम कोणी लावला, तर लैंगिक छळाची तक्रारही थेट त्याच्यापर्यंत पोहोचेल. २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीचा मजकूर गोपनीय ठेवणे आवश्यक आहे. त्यामुळे अंतर्गत समितीचा मेलबॉक्स अशा नियमांतून वगळलेला असावा.

सुरुवात कोठून करावी?

• मोफत खात्यांऐवजी कंपनीचे स्वतःचे डोमेन घ्यावे आणि तिन्ही नोंदी कराव्यात. डीमार्क आधी फक्त निरीक्षणावर ठेवून अहवाल तपासावेत, मगच बनावट मेल नाकारण्याचा नियम लावावा.
• प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी सक्तीची करावी.
• क्वारंटाइन कोण उघडणार, नोंदी किती काळ ठेवणार आणि घटना कोण कळवणार, हे पदनामासह लिहावे.
• धोरण मराठीत द्यावे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याची सही घ्यावी.
• पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी.