रक्तातले आकडे आणि बिलातले आकडे

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. पुढच्या महामारीच्या तयारीसाठीचा करारही २० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथील जागतिक आरोग्य सभेत संमत झाला. सरकारे आता पुढच्या साथीची भाषा बोलत आहेत. परंतु मागच्या साथीचा हिशेब सामान्य माणसासमोर नीट मांडला गेलेला नाही. हा हिशेब आपल्या वस्त्यांमध्ये, घराघरांतल्या कपाटांत आणि पत्र्याच्या पेट्यांत ठेवलेल्या दवाखान्याच्या फायलींत पडून आहे. त्या फायलींत दोन प्रकारचे आकडे सापडतात. एक रक्ताच्या रिपोर्टवरचे : ट्रोपोनिन, डी-डायमर, सीआरपी, फेरिटिन, आयएल-६. दुसरे बिलावरचे. या दोन आकड्यांचे नाते काय होते, हे आपण समजून घेतले नाही तर पुढच्या साथीतही आपण त्याच काउंटरवर हात जोडून उभे राहू.

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. डी-डायमर हा रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा अवशेष आहे; तो वाढला म्हणजे शरीरात कुठेतरी गुठळ्या होत आहेत असा संशय घ्यायचा. सीआरपी यकृतात तयार होते आणि शरीरातील दाह वाढला की तेही वाढते. कोरोना फुफ्फुसाचा आजार म्हणून ओळखला गेला, पण गंभीर रुग्णात तो रक्तवाहिन्या आणि हृदयापर्यंत पोहोचतो, हे या तपासण्यांनी लवकर दाखवून दिले.

चीनमधील वुहान शहराच्या डॉक्टरांनी २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांतच याची नोंद केली. तेथील विद्यापीठाच्या रेनमिन रुग्णालयातील ४१६ रुग्णांपैकी ८२ जणांच्या हृदयाला इजा झाल्याचे ट्रोपोनिनवरून दिसले. या ८२ पैकी ४२ जण दगावले. उरलेल्या ३३४ रुग्णांत दगावले १५. शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात १८७ रुग्णांची पाहणी झाली, ती आम्हाला अधिक बोलकी वाटते. आधीपासून हृदयविकार होता, पण ट्रोपोनिन वाढलेले नव्हते, अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १३.३ टक्के होते. हृदयविकाराचा इतिहास नव्हता, पण ट्रोपोनिन वाढलेले होते, अशांत ते ३७.५ टक्के निघाले. दोन्ही गोष्टी असणाऱ्यांत ते ६९.४ टक्क्यांवर गेले.

याचा अर्थ आपल्या समाजाने नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्याने आयुष्यात कधी ईसीजी काढला नाही, त्याच्या कागदावर 'हृदयविकार नाही' असेच लिहिले जाते. तपासणी झाली नाही म्हणून आजार नाही, असा हा प्रकार आहे. हातगाडी ओढणारा, गटारात उतरणारा, रात्रपाळी करणारा माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा पूर्वेतिहास कोरा असतो. अशा माणसाच्या बाबतीत रक्ताचा आकडा हाच पहिला साक्षीदार ठरतो. त्याला ही तपासणी वेळेवर मिळणे ही चैन नव्हे.

परंतु साक्षीदार म्हणजे निकाल नव्हे. आम्ही कायद्याच्या क्षेत्रात काम करतो. परिस्थितीजन्य पुराव्याची कडी पूर्ण जुळल्याशिवाय कोणाला शिक्षा होत नाही, हे तेथे पहिल्या वर्षी शिकवतात. वैद्यकातही तसेच आहे. डी-डायमर वाढलेला रुग्ण अधिक धोक्यात असतो, म्हणून रक्त पातळ करणारे औषध पूर्ण मात्रेत दिले की तो वाचेल, असे अनेकांनी गृहीत धरले. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांना पूर्ण मात्रेतील हेपॅरिनचा फायदा झाला नाही. त्यामानाने कमी गंभीर, पण रुग्णालयात दाखल असलेल्यांना झाला आणि तो डी-डायमर कितीही असला तरी झाला. स्टिरॉइडचेही असेच. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. आकडा धोक्याची घंटा वाजवतो. उपाय कोणता, हे ठरवायला वेगळा पुरावा लागतो.

मग आकड्यांचा योग्य वापर कसा असतो? याचेही उत्तर ब्रिटनमध्येच मिळाले. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील ५७ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून तेथील संशोधकांनी गुणांकनाची एक पद्धत तयार केली. ती सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आठच गोष्टी आहेत : वय, लिंग, इतर आजारांची संख्या, श्वासाची गती, प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था आणि रक्तातील फक्त दोन तपासण्या, युरिया व सीआरपी. एकूण गुण २१. तीनपर्यंत गुण असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्का, तर १५ व त्याहून अधिक गुण असणाऱ्यांत ६० टक्क्यांच्या वर. कोरोना काळात अशा शेकडो पद्धती जगभर निघाल्या आणि तज्ज्ञांच्या छाननीत त्यांतल्या बहुतेक कच्च्या ठरल्या. जी टिकली, ती तालुक्याच्या रुग्णालयातही करता येण्याजोगी आहे. त्यात आयएल-६ नाही, फेरिटिन नाही, रोज सकाळी काढायची लांबलचक यादी नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. २१ मे २०२० रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. निर्णय चांगला होता आणि त्याने अनेकांना दिलासाही मिळाला. पण त्या दरात कोणत्या तपासण्या धरल्या आणि कोणत्या वगळल्या, हे बारकाईने वाचले पाहिजे. साधी रक्ततपासणी, क्रिएटिनिन, एक्स-रे, ईसीजी आत होते. सीटी स्कॅनसारख्या महागड्या तपासण्या आणि यादीत नाव नसलेल्या प्रयोगशाळेतील चाचण्या बाहेर राहिल्या. त्यांना रुग्णालयाचेच ३१ डिसेंबर २०१९ चे दरपत्रक लागू झाले. म्हणजे खाटेचा दर सरकारचा आणि रक्ताचा दर दुकानाचा! ज्या दारातून पैसा बाहेर जायचा ते दार उघडेच ठेवले गेले. सप्टेंबर २०२० मध्ये सीटी स्कॅनचा दर २,००० ते ३,००० रुपयांच्या दरम्यान बांधण्यात आला. स्कॅनचा दर बांधता येतो, तर डी-डायमर आणि ट्रोपोनिनचा का नाही? या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर नाही. ते राजकीय आहे.

दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांनी साध्या तापातही घरी माणूस बोलावून सगळी यादी तपासून घेतली. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या 'एम्स'चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले, की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या विनाकारण करू नका. गरज नसलेल्याला दहा तपासण्या आणि धापा टाकणाऱ्याला खाटेसाठी रांग, असे ते चित्र होते. जुलै २०२० मधील मुंबईच्या पाहणीत, तीन प्रभागांतील झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, तर त्याच प्रभागांतील इतर वस्तीत १६ टक्के. विषाणू कोठे अधिक फिरला ते यावरून दिसते. तपासणीचे पैसे कोठे अधिक होते ते सांगण्याची गरज नाही.

मोजण्याचे साधनही सर्वांना सारखे मोजते असे समजू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचीच गोष्ट घ्या. अमेरिकेतील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवले, की यंत्र ९२ ते ९६ आकडा दाखवत असताना रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के होते. परदेशात तयार झालेली यंत्रे आणि गुणांकने आपल्या सावळ्या, कुपोषित, श्रमाने झिजलेल्या माणसांवर तपासून मगच वापरा, ही मागणी त्यामुळेच रास्त आहे.

कायदा आपल्या बाजूला काय देतो? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगा खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले, की तातडीचा उपचार न मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते, त्याचा तो खटला होता. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत. ती जपण्याचे बंधन मात्र तीनच वर्षांचे आहे. २०२० आणि २०२१ ची मुदत उलटून गेली. रुग्णालयाने आपला कागद फाडला असेल, तर तुमच्या पेटीतला कागद हाच उरलेला पुरावा आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची दोन वर्षांची मुदतही बहुतेकांची संपली आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तरीही त्या फायली टाकू नका. पुढचे धोरण ठरवताना त्या बोलतील.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत या फायली पाहाव्यात. किती तपासण्या झाल्या, किती वेळा झाल्या, दर काय लागला, याची साधी यादी करावी आणि ती घेऊन लोकप्रतिनिधींकडे जावे. मागण्या तीनच असाव्यात. पुढच्या साथीत दर बांधताना रक्ताच्या तपासण्यांचे दर त्यांच्या नावानिशी बांधा. प्रत्येक तालुका पातळीच्या सरकारी रुग्णालयात सीआरपी, युरिया, ट्रोपोनिन आणि ईसीजी चोवीस तास मोफत ठेवा आणि रिपोर्ट काही तासांत द्या. तपासणी कशासाठी केली व आकड्याचा अर्थ काय, हे रुग्णाच्या नातेवाइकाला मराठीत लिहून द्या.

रक्ताने दिलेला इशारा ऐकायला डॉक्टर, खाट आणि प्राणवायू नसेल, तर त्या आकड्याचा उपयोग फक्त बिल वाढवण्यापुरता होतो. साथ नसतानाच या मागण्या रेटता येतात. साथ आली की अर्ज घ्यायलाही कोणी खिडकीवर नसते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.