शाळेचा फॉर्म भरताना

जून जवळ आला की आपल्या घरात कामांची नुसती रांग लागते. वाळवणं डब्यात भरायची, छत्र्या दुरुस्त करून आणायच्या, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची, दप्तराचा तुटलेला बंद शिवून घ्यायचा. या सगळ्या गडबडीत शाळेकडून आलेला तो चार पानी फॉर्म टेबलावर तसाच पडून असतो. शेवटी रात्री जेवणं आटोपून, ओटा पुसून झाल्यावर तो आपणच भरायला घेतो. घरच्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "तू भर गं, मी सही करतो."

मग आपण भरत जातो. नाव, पत्ता, फोन, वडिलांचा व्यवसाय, आईचं शिक्षण, वार्षिक उत्पन्न, जात, आधार क्रमांक, घर स्वतःचं की भाड्याचं... एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, अशी आपल्याला लहानपणापासूनची सवय. परीक्षेचा पेपरच जणू!

आज या विषयावर लिहायला कारण झालं एका वाचक भगिनीचं पत्र. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती दोन मुलांना घेऊन दुसऱ्या गावी राहायला आली. नोकरी लागली, खोली मिळाली, मुलांना जवळच्या शाळेत घातलं. फॉर्मवर तिनं नवा पत्ता लिहिला. 'वडिलांचा फोन' हा रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून तोही भरला. पंधरा दिवसांनी वर्गशिक्षिकांनी पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. फॉर्मवरचे सगळे नंबर त्यात घातले आणि सर्वांच्या सोयीसाठी वर्गातल्या मुलांची नावं, पत्ते, फोन अशी यादीही टाकली. चौथ्या दिवशी नवरा दारात उभा! ती रात्र तिनं मुलांसह शेजारणीच्या घरी काढली.

ती लिहिते, "ताई, बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं हो. पण तो रकाना मी का भरला, हेच मला अजून कळत नाही."

खरं सांगू का, ते आपल्यापैकी कुणालाच कळत नाही. म्हणून आज जरा बसून बोलू या.

शाळेची वही जन्मभर पुरते

आधी एक गोष्ट मान्य करू. शाळेला माहिती लागते आणि काही माहिती तर अगदी काटेकोर लागते. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात, आधीची शाळा हे सगळं त्यात चढतं आणि त्यावरूनच पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघतो. पुढच्या प्रवेशाला, नोकरीला, पासपोर्टला हा कागद कुठे ना कुठे लागतोच.

जातीच्या दाखल्यासाठी तर आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद शोधत माणसं गावोगाव फिरतात. कारण पुरावा जुना लागतो. आपल्या राज्यात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा मागतात. त्या काळी एखाद्या गुरुजींनी बोरूनं लिहिलेली एक ओळ आज नातवाच्या उपयोगी पडते. चुकीची असली तर आडवीही येते!

म्हणून रजिस्टरात जाणारी माहिती घाईघाईत, तोंडी सांगू नका. जन्मदाखल्यावर जसं नाव आहे तसंच, अक्षर न् अक्षर ताडून लिहा. मराठीत 'दीपाली' आणि इंग्रजी फॉर्मवर वेगळंच स्पेलिंग, असं झालं की पुढे दहा ठिकाणी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. आणखी एक. ११ मार्च २०२४ला राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, त्यानुसार १ मे २०२४ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर 'मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' अशी लिहायची आहेत. शाळेचे कागदही त्यात आले. तुमचं बाळ त्यानंतरचं असेल तर बालवाडीपासूनच हा क्रम सांभाळा.

मूल शाळेत आहे तोवर नोंद दुरुस्त करता येते, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. शाळा सोडल्यावर मात्र ते फार जिकिरीचं होतं. तेव्हा दर एक-दोन वर्षांनी ऑफिसात जाऊन "आमच्या मुलीची नोंद जरा बघू द्या" म्हणायला काहीच हरकत नाही.

आता वही कपाटात राहत नाही

आपल्या वेळी हे रजिस्टर हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद असायचं. आता तसं नाही. २०१५मध्ये महाराष्ट्र शासनानं 'सरल' ही प्रणाली सुरू केली आणि मुलांची माहिती संगणकावर गेली. केंद्र सरकारची 'यू-डायस प्लस' ही दुसरी प्रणाली. तिच्यात पूर्वी शाळेत मुलं किती, मुली किती असे आकडे जात. २०२२-२३पासून एकेका मुलाची स्वतंत्र नोंद जाऊ लागली. मूल मध्येच शाळेतून गळलं तर कळावं, शिक्षक-पुस्तकं किती लागतील ते ठरावं, हा हेतू चांगलाच आहे.

पण म्हणूनच आपण जे लिहितो ते एका गावापुरतं उरत नाही, हे ध्यानात असू द्या. त्याखेरीज शाळा काही माहिती स्वतःसाठी मागते, काही बसवाल्यासाठी, काही गृहपाठाच्या अ‍ॅपसाठी. फॉर्म मात्र एकच असतो. सगळी डाळ एकाच डब्यात!

तीन वाट्या करा

तांदूळ निवडताना आपण कसं खडे एकीकडे, कणी एकीकडे करतो, तसं फॉर्मवरच्या रकान्यांचं करा.

पहिली वाटी: जे द्यायलाच हवं. नाव, जन्मतारीख, आई-वडील किंवा पालकांचं नाव, पत्ता, तातडीच्या वेळी लावायचा फोन. यात मी तब्येतीची माहितीही धरते. मुलाला दमा आहे, फिट येते, शेंगदाण्यानं अंगावर पित्त उठतं, हे पुष्कळ आया 'उगीच कशाला' म्हणून लपवतात. तसं करू नका. उलट फॉर्मवर जागा नसली तरी वेगळ्या कागदावर लिहून वर्गशिक्षिकांच्या हाती द्या.

दुसरी वाटी: जे योजनेपुरतं द्यायचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. शिष्यवृत्तीसाठी किंवा शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज करत असाल तर हे लागेलच. तसा अर्ज नसेल तर उत्पन्नाचा आकडा शाळेला कशाला हवा, हे विचारा. हा शिक्षण हक्क कायदा २००९चा. १ एप्रिल २०१०पासून तो लागू झाला. तो ज्या शाळांना लागू आहे, तिथे पहिली ते आठवीच्या प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापांची चाळणी परीक्षा घ्यायला मनाई आहे. वडील काय करतात, आई किती शिकली, यावर प्रवेश ठरवता येत नाही. वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

तिसरी वाटी: खडे. घर भाड्याचं की मालकीचं, गाडी कोणती, घरात आणखी कोण-कोण राहतं, मामाचा फोन. अशा रकान्यावर सरळ आडवी रेघ ओढा. रिकाम्या रकान्याचे कुणी गुण कापत नाही.

आधार आणि अपार

सगळ्यात जास्त गोंधळ आधारचा. २६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण हा त्यांचा मूलभूत हक्क आहे, ती काही सरकारनं दिलेली सवलत नव्हे. आधार नाही म्हणून मुलाला योजनेचा लाभही नाकारायचा नाही, दुसऱ्या कागदांवरून ओळख पटवून घ्यायची.

याचा अर्थ आधार द्यायचंच नाही, असा नाही. द्यायचं तर जपून द्या. शेवटचे चारच आकडे दिसणारं, आधीचे आठ झाकलेलं आधार डाउनलोड करता येतं. पूर्ण क्रमांक लागत नसेल तिथे तेच द्या. झेरॉक्स दिलीत तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त इयत्ता पाचवीच्या शिष्यवृत्तीसाठी', आणि तारीख घाला. म्हणजे तो कागद भलत्या कामाला वापरणं कठीण जाईल.

दुसरा कागद 'अपार'चा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला धरून आलेला हा विद्यार्थ्याचा बारा आकडी क्रमांक. मुलाचे गुण, प्रमाणपत्रं पुढे एका ठिकाणी मिळावीत, म्हणून तो काढतात. त्यासाठी पालकांचं संमतीपत्र घेतात. आता संमती मागतात म्हणजे नाही म्हणायची मुभाही आलीच, नाही का? 'सगळ्यांनी सह्या केल्या' म्हणून सही करू नका. वाचा, पटलं तर करा. आणि करणार असाल तर आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच आहे ना, ते आधी बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. मुख्य कलमं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची, असं तेव्हा ठरलं. संगणकावर किंवा फोनवर साठवलेल्या माहितीला हा कायदा लागू पडतो. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची खातरजमा केलेली संमती हवी, असं त्यात आहे. शिकवण्याच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती शाळांना यात सूट आहे. पण क्लासवाल्याला दहावीच्या मुलांची यादी देणं, हे काही शिकवण्याचं काम नव्हे!

त्या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ज्या कामाला संमती मागितली त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यायची. कशासाठी घेतो ते साध्या भाषेत, आणि आपण म्हटलं तर मराठीतसुद्धा, सांगायचं. आणि दिलेली संमती परत घेता येते, चुकीची माहिती दुरुस्त करून मागता येते.

भांडू नका, लिहून द्या

तुम्ही म्हणाल, "ताई, हे सगळं खरं, पण शाळेशी वाकडं कोण घेणार? मुलावर राग काढला तर?" ही भीती मला समजते. म्हणूनच सांगते, फाटकापाशी वाद घालू नका. दोन ओळींचं पत्र द्या आणि पोच घ्या. नमुना हा असा:

'मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. माझी मुलगी इयत्ता चौथी ब मध्ये शिकत आहे. आमचा पत्ता व फोन क्रमांक शाळेच्या कामाव्यतिरिक्त कोणालाही देऊ नये व पालकांच्या यादीत किंवा ग्रुपवर टाकू नये, ही विनंती. मुलीला शाळेतून नेण्यास खालील व्यक्तींनाच परवानगी आहे. कळावे, आपली विश्वासू.'

खाली आपण, आजी, रिक्षावाले काका, जी असतील ती नावं लिहा. घरात तंटा असेल आणि मुलांच्या ताब्याबद्दल कोर्टाचा हुकूम झाला असेल, तर त्याची प्रत सोबत जोडा. त्यावाचून शाळेचेही हात बांधलेले असतात. भरलेल्या फॉर्मचा फोनवर फोटो काढून ठेवायलाही विसरू नका. काय दिलं ते निदान आपल्याला तरी आठवायला हवं!

त्या पत्र लिहिणाऱ्या भगिनीनं पुढे असंच केलं. ती मुख्याध्यापिकांना जाऊन भेटली. त्यांनी त्याच दिवशी यादी ग्रुपवरून काढायला लावली. तिच्या मुलांचे पत्ते आता ऑफिसातल्या कपाटात असतात आणि शिपाईमामांना बजावलेलं आहे, की आईखेरीज कुणी आलं तर आधी आईला फोन लावायचा. शेवटी तिनं लिहिलंय, "मोठ्या बाई म्हणाल्या, आम्हाला हे कुणी आधी सांगितलंच नाही."

तेव्हा मैत्रिणींनो, या वेळी फॉर्म हातात आला की पेन उघडण्याआधी प्रत्येक रकान्याला एकदा विचारा, 'हे कशाला हवं?' उत्तर सापडलं तर नीट, सुवाच्य अक्षरात लिहा. नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन हसतमुखानं विचारून या. आणि हो, 'यांना' सही करण्याआधी एकदा वाचायला लावा. फॉर्म काही आपल्या एकटीचा नाही!

— तुमची ताई